तारेतल्या पावत्या

रविवारी रात्री मी भाषेची नवी आवृत्ती चढवली.
सोमवारी पहाटे साडेपाचला हिलालभाऊंचा फोन:
"काल त चालनं व्हतं."

काल चालत होतं, खरंय.
नंदुरबारच्या मिरची बाजारात
दसऱ्यापासूनच्या सगळ्या पावत्या क्रमाने लावायला
काल तीन सेकंद पुरत.
आज पडद्यावर चकरी,
फाटकाबाहेर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर,
आणि चहावाल्याशिवाय कोणाचीच बोहनी नाही.

मी गेलो, शिंकत गेलो.
त्या आवारात शिंकल्याशिवाय कोणी आत येत नाही,
कॉम्प्युटरच्या पंख्यातसुद्धा लाल भुकटी.
मोजलं: एकोणीस मिनिटं.
यंत्र तेच, यादी तीच.
उत्तर अचूक, शेवटच्या पोत्यापर्यंत अचूक.
बरोबर उत्तराची तक्रार कोणाकडे न्यायची?

आमची यादी कशी बनते ते सांगतो.
उत्तरेच्या काट्यावर पोरगा
पावती फाडली की खाली टिपत जातो,
नंबर चढत जातात.
दक्षिणेच्या काट्यावर हिलालभाऊ.
त्यांनी बावीस वर्षं पावत्या तारेत खोचल्या,
नवी वर, जुनी तळाशी,
आणि संगणक आला तेव्हा म्हणाले,
याच्यातबी तार पाहिजे.
मी दिली. नवी नोंद वर.
दोन्ही काटे जोडले की यादी
तोरणमाळच्या रस्त्यासारखी होते:
चढते, चढते,
माथ्यावर कालची संध्याकाळ,
मग उतरत उतरत पुन्हा दसरा.

जुनं सॉर्ट फंक्शन आधी नुसतं चालून यायचं.
इथवर चढ आहे, राहू दे.
इथून उतार, तो उलटा करू.
मग दोन पदर एकात एक गुंफून मोकळं.
कोणी लिहिलं असेल ते, कुठल्या गावात,
पण घाट पाहिलेला माणूस असावा.

नवं हुशार आहे. चालत नाही.
पहिली, मधली, शेवटची अशा तीन पावत्या उचलतं,
त्यांतली मधल्या मोलाची धरून
यादी दोन बाजूंना फोडतं.
आता आमची पहिली दसऱ्याची,
शेवटचीही दसऱ्याची.
त्यामुळे हाती लागतो तो काठच:
एका बाजूला दोन पावत्या,
दुसऱ्या बाजूला अख्खा बाजार.
पुन्हा फोडतं. पुन्हा दोन पावत्या.
पुन्हा.

करणाऱ्यांना मी पत्र लिहिलं, सोबत यादी जोडली.
उत्तर आलं, फार सभ्य:
विस्कटलेल्या याद्यांवर नवं दीडपट वेगवान आहे,
आपलं उदाहरण सर्वसाधारण नाही.

ते वाचत होतो तेव्हा खिडकीत ठगूबाई उभी.
देठ खुडून बोटं पेटलेली,
म्हणून पदरात हात गुंडाळलेले.
"मना हिसाब?"
मी म्हटलं, थांब जरा, नवी आवृत्ती आहे.
"मंग जुनीच लाव ना, भाऊ."

जुनी लावता येत नव्हती.
तिच्यात एक भोक सापडलंय, सुरक्षेचं,
आणि ते मी तिला कसं सांगणार होतो.
हिलालभाऊंना म्हटलं, तुमची तार उलटी करा.
ते हसलेही नाहीत.

शेवटी मीच सात ओळी लिहिल्या.
आधी एकदा सरळ चालत जा.
चढ संपला की थांब.
उतार उलटा कर, मग जोड.
वेळ: पावणेचार सेकंद.
पाऊण सेकंद गेलाच, तो काही परत मिळाला नाही.
वर शेरा टाकला:
हे काढू नका, दक्षिणेचा काटा उलटा आहे.

कोणीतरी काढेल.
पुढच्या हंगामात, नाहीतर त्याच्या पुढच्या,
माझ्याहून हुशार कोणी येईल,
म्हणेल, फंक्शन असताना हे कशाला,
आणि चाचणीत त्याचंच खरं ठरेल.

निघताना पाहिलं,
हिलालभाऊंच्या खिडकीत ती जुनी लोखंडी तार अजून टांगलेली.
तिच्यात आजच्याही पावत्या.
संगणक आहे ना, मी म्हटलं.
"आहे," ते म्हणाले,
आणि सगळ्यात वरची काढून
ठगूबाईच्या हातात ठेवली.